धाकट्याने आधी बोलायचं

तिसरा ट्रे संपत आला तेव्हा व्हर्नाची मान आखडून गेली होती, आणि अजून दोन ट्रे बाकी होते. रविवारची दुपार. चर्चमधून आल्यावर चिकन-कॉर्न सूप पोटात गेलेलं, पडदे ओढलेले, जेवणाच्या टेबलावर काळं मखमली कापड आणि त्यावर एकच दिवा. अशा वेळी माणसाने खरं तर जरा लवंडावं. पण लँडिस घराण्यात थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी कुणी लवंडत नाही. वर्षभरात दुकानात आलेली जुनी चांदीची नाणी त्या दिवशी टेबलावर येतात, आणि सगळं घर बसून त्यांना सत्तरपैकी गुण देतं.

नियम व्हर्नाच्या आयर्विन आजोबांच्या काळापासूनचे होते. नाणं कडेनेच धरायचं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही. नाणं हातात असताना तोंड उघडायचं नाही, कारण थुंकीचा शिंतोडा चांदीवर पडला की त्याचा काळा ठिपका होतो आणि तो जन्मात जात नाही. आणि गुण सांगताना धाकट्याने आधी बोलायचं, म्हणजे थोरल्यांचं ऐकून त्याचं मत फिरत नाही. सगळ्यात शेवटी घरातलं थोरलं माणूस बोलणार, आणि त्याचा आकडा नाण्याच्या पाकिटावर शाईने लिहिला जाणार. लँकेस्टर परगण्यात त्या आकड्यावर दुसरं कुणी बोट ठेवत नसे.

"पंचेचाळीस," जोलीन म्हणाली. ती व्हर्नाच्या भावाची, मर्लची मुलगी, टेबलावरची सगळ्यात धाकटी. तिने १८०७ चा अर्धा डॉलर कापडावर ठेवून वडलांकडे सरकवला.

मर्लने तो दिव्याखाली कलता धरला, दोनदा फिरवला, खाली ठेवला. "पन्नास."

व्हर्नाने नाणं उचललं. तिला एका नजरेतच कळलं होतं, तरी तिने ते सावकाश पाहिलं, कारण आता तिला बोलायचं होतं आणि बोलताना काही राहून जाऊन चालणार नव्हतं. मग ते खाली ठेवलं. "पन्नास," ती म्हणाली. "कानावरचे केस झिजलेत. गरुडाच्या डाव्या पंखाची वरची पिसं सपाट झालीत. उजव्या कडेला एक ठोका आहे, जुना आहे, काळवंडलाय. झळाळी उरलीय ती फक्त अक्षरांच्या आडोशाला."

"ताई, हल्ली तू गुण देत नाहीस," मर्ल म्हणाला, "नाण्याचं चरित्र वाचून दाखवतेस."

"वय झालं की बोलणं वाढतं."

"पपांचं तर कमी झालंय."

पपा हसले. एल्वूड लँडिस, ऐंशीच्या पुढचे, पांढरा स्वच्छ शर्ट, नखं कापलेली. त्यांनी नाणं कडेने उचललं, दिव्याखाली धरलं, मान जराशी बाजूला वळवून खूप वेळ पाहिलं आणि खाली ठेवलं. "ठोका जुना आहे, म्हणून त्याचं फार मनावर घ्यायचं नाही," ते म्हणाले. "पन्नास लिही."

व्हर्नाने पन्नास लिहिलं. तिच्या खांद्यांवरचं ओझं क्षणभर उतरलं आणि पुढचं नाणं आल्याबरोबर पुन्हा चढलं.

गेली दोन वर्षं हे असं चाललं होतं. पपांच्या नजरेच्या मधोमध काहीतरी मिटलं होतं. कडेचं दिसत होतं, त्यामुळे ते जिना उतरत, कॉफी ओतत, चर्चमध्ये लोकांना नावाने हाक मारत, आणि कुणाला काही कळत नसे. रविवारचं वर्तमानपत्र त्यांनी बंद केलं होतं. म्हणायचे, हल्ली काहीही छापतात. मग एक दिवस दुकानात एका गिऱ्हाइकासमोर त्यांनी नाण्याची गरुडाची बाजू वर धरून दुसऱ्या बाजूवरच्या बाईच्या केसांची तारीफ केली. गिऱ्हाईक हसलं, त्याला वाटलं म्हाताऱ्याने थट्टा केली. व्हर्ना हसली नाही. त्या दिवसापासून ती नाण्यांबद्दल लांबलचक बोलायला लागली. तिची पाळी पपांच्या अगोदरची. ती सांगायची, ते ऐकायचे, आणि तिने सांगितलेल्यातलंच काहीतरी उचलून शेवटचा शब्द द्यायचे. टेबलाच्या नियमानेच त्यांचं आंधळेपण झाकलं जात होतं. तिने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. आपला बाप आपल्या टेबलावर खोटा ठरू नये एवढीच तिची इच्छा होती, आणि त्यापायी ती स्वतः दर वर्षी थोडी थोडी खोटी होत चालली होती.

तिसरा ट्रे संपला तशी ती कॉफी टाकायला स्वयंपाकघरात गेली. मर्ल तिच्या मागोमाग आला आणि त्याने दार लोटून घेतलं. तेव्हाच तिला कळलं की हा आज पिट्सबर्गहून नुसतं सूप प्यायला आलेला नाही.

"ताई, एक विचारू?"

"विचार. कप तेवढे काढ."

त्याने कप काढले. लिलाववाल्यांकडे इतकी वर्षं काढल्याने त्याचं बोलणं गुळगुळीत झालं होतं, पण बहिणीपुढे ते टिकत नसे. "गेल्या महिन्यात तू दातांच्या डॉक्टरकडे गेली होतीस तेव्हा पपांनी एकट्याने एक अर्धा डॉलर पास केला. अस्सल, हात न लावलेला म्हणून. तो घासलेला होता गं. पावडर लावून घासलेला. पोरसुद्धा ओळखेल. घेणारा माझ्या ओळखीचा निघाला म्हणून त्याने गपचूप परत केला."

"मला माहितीय. मीच परत घेतला तो."

"म्हणजे तू नसलीस की पपा चुकतात. आणि तू असलीस की तुझ्याहून वेगळं एक अवाक्षर बोलत नाहीत. गेल्या वर्षी नाही, त्याच्या आदल्या वर्षी नाही, आज नाही. तू बोलतेस आणि ते मान डोलावतात."

व्हर्नाने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "मग तुझं म्हणणं काय?"

"तू त्यांना मुठीत ठेवलंयस. सरळ बोलतो, राग मानू नकोस. बाई कुणाकडे जाणार ते आज ठरायचंय. तुला ती हवी असेल तर माग ना उघड. त्यांच्या तोंडून स्वतःचे शब्द कशाला वदवून घेतेस?"

बाई म्हणजे १७९५ चा डॉलर, मोकळ्या केसांची बाई असलेला. आयर्विन आजोबांना तो एका शेताच्या लिलावात बटणांच्या डब्यात सापडला होता. त्या दिवसापासून घरात रिवाज पडला की टेबलावर शेवटचा शब्द ज्याचा, बाई त्याच्या ताब्यात. आजोबांनी ती पपांना दिली, आणि पपा आज पुढचं नाव सांगणार होते.

एका वाक्यात तिला सुटता आलं असतं. पपांना दिसत नाही, एवढंच म्हणायचं. वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलंही. पण दाराच्या फटीतून तिला ते दिसले, दिव्याशेजारी ताठ बसलेले, रिकाम्या कापडावरून हळूच हात फिरवून कुठे काही राहिलंय का ते चाचपणारे. ते वाक्य तिने गिळलं. भावाने आपल्याला लबाड समजावं हे तिला फार लागलं, आणि तिला दारं आपटावीशी वाटली, पण दारं आपटायलाही अंगात जोर लागतो.

"साखर घेऊन चल," ती म्हणाली.

दारात जोलीन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. "आत्या, माझे पपा म्हणतायत ते खरं आहे का?" तिने विचारलं. लहानपणी हीच पोर सुट्टीभर आत्याच्या मागे मागे दुकानात फिरायची.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्ही नाही म्हणावं."

व्हर्ना नाही म्हणाली नाही. जोलीन वडलांच्या बाजूला जाऊन बसली.

कॉफी झाली, कप दुसरीकडे नेले, कापड झटकलं. पपांनी खिशातून चपटी लाकडी डबी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "उरलेले ट्रे नंतर. आधी बाईला बघून घेऊ. नाव सांगायच्या आधी सगळ्यांनी एकदा बघायची, माझ्या वेळीही तसंच झालं होतं."

"पपा," मर्ल म्हणाला, "आज जरा उलटं करूया का? तुम्ही आधी बोला. मग ताई, मग मी, शेवटी जोलीन."

"कशाला?"

"तुमचं स्वतःचं मत ऐकून खूप दिवस झाले."

व्हर्ना म्हणाली, "मर्ल, आजोबांचा नियम आहे."

"आजोबांचा नियम थोरल्याच्या दबावाखाली धाकट्याने येऊ नये म्हणून होता. इथे दबाव कुणाचा कुणावर आहे ते बघायला नको?"

पपांनी मान तिरकी करून आधी मुलाकडे आणि मग मुलीकडे पाहिलं. त्यांना मर्लचं बोलणं समजलं की नाही ते व्हर्नाला कळेना. "चालेल," ते म्हणाले. "बाईला मी तुम्हा सगळ्यांच्या आधीपासून ओळखतो."

त्यांनी डबी उघडली आणि डॉलर कडेने उचलला. दिव्याखाली त्यांनी नाणं कलतं केलं, जसं सगळे करतात, म्हणजे झळाळीचा पट्टा नाण्यावरून गोल फिरतो आणि कुठे अडतो ते दिसतं. मग त्यांनी मान वळवली. पुन्हा नाणं कलतं केलं. आणि मग, अगदी सहज, त्यांचा अंगठा बाईच्या गालावर गेला.

कपाळापासून गालावरून खाली मानेपर्यंत त्यांनी तो फिरवला. केसांवर थांबवला, तिथल्या बारीक रेघांवरून नेला, पुन्हा गालावर आणला. त्या अंगठ्याला वाट पाठ होती. मर्ल अकरा वर्षांचा असताना त्याने एका नाण्याच्या चेहऱ्याला बोट लावलं म्हणून याच माणसाने त्याच्या बोटांवर पेन्सिल मारली होती आणि संध्याकाळचं जेवण बंद केलं होतं.

मर्लचा चेहरा उतरला. जोलीनने तोंडावर हात घेतला. कुणी काही बोललं नाही, कारण नाणं हातात असताना कुणी बोलत नाही, आणि ते इतकं अंगात मुरलेलं होतं की थांबा म्हणायलाही कुणाचं तोंड उघडेना. तिघंजण बघत राहिले आणि अंगठा फिरत राहिला.

पपांनी डॉलर कापडावर ठेवला. "त्रेसष्ट," ते म्हणाले. "केसांवरच्या त्या रेघा टांकसाळीतल्या आहेत. चकती वजनाला जास्त भरली म्हणून छापायच्या आधी कानस मारलेली. मर्ल, तू त्यांना ओरखडे समजायचास. बाकी बाई कुणाच्या हातात गेलेली नाही. माझ्या बापाने त्रेसष्ट दिले, मीही त्रेसष्टच देतो."

आता पाळी व्हर्नाची होती. तिने नाणं उचललं आणि दिव्याखाली फिरवलं. झळाळी कडेने सुरेख धावत आली आणि गालाशी येऊन विझली. तिथे एक करडा, मेलेला डाग होता, अंगठ्याएवढा. खांद्यावरही होता. हे आजच्या एका अंगठ्याचं काम नव्हतं. किती सकाळी ते एकटे बसून हे करत असतील याचा विचार तिच्या मनात आला, आणि तिला त्यांची इतकी दया आली की डोळे भरायला लागले. डोळ्यांतलं पाणी नाण्यावर पडू नये म्हणून तिने ते लांब धरलं.

त्यांच्या धंद्यात साठाचा आकडा म्हणजे एक वेस होती. साठाच्या वरचं नाणं टांकसाळीतून निघालं तसंच राहिलेलं. साठाच्या खालचं म्हणजे कुणाचा तरी हात लागलेलं. त्रेसष्ट म्हणायचं, पाकीट बंद करायचं, आणि आणखी एक वर्ष निघून जाईल. तिला ते जमण्यासारखं होतं. दोन वर्षांत तिने याहून अवघड गोष्टी जमवल्या होत्या. पण ते करण्याचं बळ शोधायला गेली आणि तिला ते कुठे सापडलं नाही. तिने नाणं खाली ठेवलं.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

पुढे ती काही बोलली नाही. पपा थांबले. ती सांगेल म्हणून ते वाट बघत होते.

"अठ्ठावन्न कशाने?" शेवटी त्यांनी विचारलं.

"गालावरची झळाळी गेलीय, पपा. खांद्यावरचीही."

"कधी?"

मर्लने घाईघाईने डॉलर उचलला, कसाबसा पाहिला, ठेवला आणि म्हणाला, "त्रेसष्ट. ताईला दिव्याचा भास झाला असेल. दिवा जुना आहे. त्रेसष्टच आहे, पपा."

व्हर्नाने भावाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. मघाशी तिला लबाड म्हणणारा तिचा भाऊ आता बापासाठी भर टेबलावर खोटं बोलत होता, आणि तेही वाईट बोलत होता.

"मर्ल," पपा म्हणाले, "लहानपणी तू खोटं बोलायचास तेव्हा तुझा आवाज असाच गोड व्हायचा. तुझे त्रेसष्ट तुझ्याकडेच ठेव. जोलीन, तुझं काय?"

उलट्या पाळीने शेवटचा शब्द आता जोलीनचा होता, आणि हे मर्लच्याही लक्षात आलं नव्हतं. पोरीने नाणं उचललं. ती बराच वेळ पाहत राहिली, मग ठेवून म्हणाली, "आत्याचं बरोबर आहे. अठ्ठावन्न." आणि मग, हलक्या आवाजात, "आजोबा, तुम्ही तिला रोज हातात घेता का?"

"रोज सकाळी," पपा म्हणाले. "मला ती दिसत नाही. मग हाताने बघतो."

ते त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. त्यांनी आपला उजवा अंगठा दिव्याखाली धरला आणि मान वाकडी करून तो बघायचा प्रयत्न केला. "मला वाटायचं, हळूच फिरवतो, काही होत नाही," ते म्हणाले. "लोकांना आयुष्यभर शिकवलं, आणि बघा."

"पपा, मला माहीत नव्हतं," मर्ल म्हणाला. "मला वाटलं ताई—"

"तुला काय वाटलं ते मी इथे बसल्या बसल्या ऐकलं. माझे डोळे गेलेत, कान नाही." ते व्हर्नाकडे वळले, म्हणजे तिच्या जराशा डावीकडे. "तू ऐकून घेतलंस त्याचं."

"काय बोलणार होते?"

"एवढंच, की बाप आंधळा झालाय."

"तुम्हाला माहीत होतं? मी का बोलते ते?"

"अगं, तू आधी चार शब्द बोलायची नाहीस, आणि एकदम पंखांतली पिसं मोजायला लागलीस. मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू थकशील तेव्हा थांबशील म्हणून. म्हटलं, हिला झेपतंय तोवर चालू दे. मी तू थकायची वाट बघत होतो."

व्हर्नाला हसू आलं आणि ते हसू रडण्यासारखं निघालं. "पपा, मी पहिल्याच महिन्यात थकले होते," ती म्हणाली.

त्यांनी टेबलावरून हात पुढे केला, तिचा हात चाचपून धरला, आणि तसाच धरून ठेवला.

मग ते म्हणाले, "जोलीन, लिही. अठ्ठावन्न."

"मी?"

"शेवटचं कोण बोललं?"

पाकिटावर आयर्विन आजोबांच्या बारीक अक्षरात त्रेसष्ट होतं, त्याखाली पपांच्या ठसठशीत अक्षरात त्रेसष्ट. जोलीनने त्याखाली अठ्ठावन्न लिहिलं. मग तिने बाई पाकिटासकट डबीत घातली आणि उठून डबी पपांपुढे ठेवली, पण त्यांनी ती बोटाने व्हर्नाकडे सरकवली.

"हिच्याकडे राहील. व्हर्ना, तुझ्या घरी ने. आणि मी मागितली तर देऊ नकोस."

"पपा, असं कसं—"

"मी मागणार आहे. उद्या सकाळीच मागेन. देऊ नकोस."

तिने डबी घेतली. इतकी वर्षं मनात धरलेली वस्तू हातात आली होती, आणि बापाच्या हातातून काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं तिला वाटत होतं.

"आणि शेवटचा शब्दही ताईचाच ना?" मर्लने विचारलं. त्याच्या आवाजात आता हेवा नव्हता.

"मला नको," व्हर्ना म्हणाली. "आज तरी नको. दोन ट्रे राहिलेत आणि माझ्यात जीव नाही. तू बोल."

"मी? मी आत्ताच खोटं बोललो, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"म्हणून आज नीट बोलशील," पपा म्हणाले.

मर्लने खुर्ची दिव्याजवळ ओढली. चौथा ट्रे आला. जोलीनने पहिलं नाणं घेतलं, पाहिलं, ठेवलं. "चाळीस." मग तिने ते वडलांना ओलांडून आत्याकडे सरकवलं. व्हर्नाने ते उचललं, फिरवलं, खाली ठेवलं.

"चाळीस," ती म्हणाली, आणि गप्प बसली.

नाणं पपांपुढे आलं. त्यांनी हात वर केला, नाण्याच्या कडेपर्यंत नेला, आणि मागे घेतला. "मी यावर बोलणार नाही," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

मर्ल घसा खाकरून नाण्याकडे वळला. व्हर्ना खुर्चीत मागे टेकली. कुठलं पीस सपाट झालंय, ठोका कुठल्या कडेला आहे, हे आता तिला कुणासाठी लक्षात ठेवायचं नव्हतं. डबी तिच्या मांडीवर होती आणि डोळे मिटत होते. "पंचेचाळीस," मर्लचा आवाज लांबून आला. "आत्या झोपली," जोलीन म्हणाली. व्हर्नाला सांगायचं होतं की नाही, मी जागी आहे, पण तोंड उघडेना. मग पपांचा आवाज आला, ते सगळ्यांना हळू बोलायला सांगत होते.